सॅकमधली शेगडी

१. दुकानात ट्रेकची शेगडी हातात घेतली की पहिला प्रश्न वजनाचा. पण पाठीवर नुसता बर्नर जात नाही. गॅसचा डबा, टोप, आडोसा, लायटर सगळं एकदम काट्यावर ठेवा आणि मग बोला. वीस-तीस ग्रॅम हलका बर्नर घेऊन लोक वर दीड किलोचं पातेलं बांधतात, याला काय म्हणावं!

२. सह्याद्रीत गॅस खातो तो वारा. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याजवळ चहा ठेवून पाहा. ज्योत आडवी पडते, टोपाच्या बाहेरच जळत राहते, आणि पाणी कोमटच्या पुढे जात नाही. म्हणून तोंड रुंद आणि ज्योत बुडाशी राहील असा बर्नर घ्यावा, टोपावर झाकण हवंच. आडोसा दगडांचा करा, पण बर्नर थेट डब्यावर बसणारा असेल तर चारही बाजू बंद करू नका. डबा तापला तर फुटू शकतो. मधूनमधून डब्याला हात लावायचा. ऊन लागला की आडोसा काढायचा.

३. हिमालयात गणित थंडीचं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायुरूप होत नाही, त्यामुळे पहाटे भरलेला डबाही फुसका निघतो. आयसोब्युटेन साधारण उणे १२ पर्यंत साथ देतो, प्रोपेन उणे ४२ पर्यंत. डब्यावरचं मिश्रण वाचून घ्या. आपल्या घाटमाथ्यावर मात्र साधा ब्युटेनही बहुतेक वेळा चालून जातो.

४. स्पिरिटची शेगडी गरीब गाय. बिघडण्यासारखं तिच्यात काही नाही. पण गॅसच्या मानाने स्पिरिटची उष्णता वजनाला जेमतेम निम्मी, म्हणजे मुक्काम वाढले की बाटली जड. शिवाय उन्हात तिची ज्योत दिसत नाही. विझली समजून वरून स्पिरिट ओतणं जिवावर बेतू शकतं.

५. तंबूत कुठलीच शेगडी पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

६. गॅसचा डबा विमानात हातातल्या सामानात चालत नाही, चेक-इनमध्येही नाही. रेल्वेतही गॅस सिलिंडर न्यायला बंदी आहे. तेव्हा मनालीकडे निघायचं असेल तर तिथल्या दुकानात आट्यांचा डबा मिळतो की लांबट नळकांडं, हे आधी फोन करून विचारा. शेगडी त्यानंतर घ्या.