आधी धूळ, मग पेस्ट

पोरी, खळ्यावर सोयाबीनची मळणी चालू असेल त्या दिवशी लॅपटॉप उघडू नकोस. तामलवाडीत ऑक्टोबरात भुसा उंबऱ्याच्या आत येतो आणि सोलापूर-तुळजापूर हायवेची धूळ तर बारमाही. तुझ्या लॅपटॉपचा पंखा घरघरतो नि यंत्र मंदावतं, त्यात मोठा वाटा या धुळीचा आहे. पंखा आणि पातळ पत्र्यांची जाळी यांच्या मधे तिचा थर वाकळेसारखा घट्ट बसतो. तो न काढता चिपवरची थर्मल पेस्ट नुसती बदललीस तर मेहनत पाण्यात.

खोलण्याआधी तापमान बघून वहीत लिहून ठेव. इंटेलचे बरेचसे लॅपटॉप प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोचले की जीव वाचवायला आपणच वेग कमी करतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच चाळीस अंश असतात, म्हणजे त्याला मोकळीक किती उरली ते बघ.

चार्जर काढ, मागचं झाकण उघड आणि सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडव. मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धर. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू नको, दाबू नको, काम तिथंच थांबव. स्क्रू वाटीत एकत्र टाकू नकोस. पुठ्ठ्यावर लॅपटॉपचा आकार काढ आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचून ठेव. त्यांची लांबी वेगवेगळी असते. आखूड जागी लांब स्क्रू पिळला की आतलं काहीतरी फुटतं.

पंख्याची पाती बोटानं अडवून मगच धूळ झटक, नाहीतर तो गरागरा फिरून खराब होतो. पंख्याची वायर ओढायची नाही, टोकाला धरून हळू सरकवायची.

आता पेस्टचं. प्रोसेसरची चिप आणि तिची उष्णता ओढून घेणारी वरची तांब्याची पट्टी डोळ्याला आरशासारख्या दिसतात, पण दोन्हीवर बारीक खाचा असतात आणि त्यांत हवा अडकते. गोधडीत ऊब राहते ती अशाच अडकलेल्या हवेमुळे. उष्णता वाहून नेण्याच्या मापात तांबं 400 च्या आसपास, चांगली पेस्ट 5 ते 10 आणि हवा 0.03 सुद्धा नाही. पेस्ट हवेपेक्षा कितीतरी बरी, पण तांब्यापुढे काहीच नाही. म्हणून ती फक्त खाचा बुजवण्यापुरती घ्यायची. लॅपटॉपची चिप उघडीच असते, तेव्हा ती पूर्ण झाकेल असा पातळ हात फिरव, बास.

जुनी पेस्ट काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आण, 99 टक्क्यांचं. घरातलं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. पुसायला चष्म्याचा कपडा घे, धागे सोडणारं फडकं नको.

पट्टीच्या स्क्रूंशेजारी बहुधा 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट क्रमानं, लावताना सरळ क्रमानं, आणि प्रत्येकाला थोडा थोडा पीळ देत. एकच कोपरा आवळला की पट्टी कलते आणि चिपच्या कडेचा टवका उडू शकतो.

चिपच्या आजूबाजूला मऊ रबरासारखे चौकोन दिसतील, ते थर्मल पॅड. फाटले तर त्याच जाडीचे नवे घाल. मी एकदा त्यांच्या जागी पेस्टच भरली होती. तिथली फट मोठी, पेस्ट काही तिला पुरली नाही आणि एका शिकणाऱ्या मुलाचा लॅपटॉप आठवड्यात बंद पडला. तो मला अजून आठवतो. लिक्विड मेटलच्या तर वाटेलाही जाऊ नकोस: वीजवाहक असतं, सांडलं तर शॉर्ट, आणि ॲल्युमिनियम खातं.

आतमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर उघडलंच आहेस तेव्हा एसएसडी बसवून घे. अभ्यासाच्या लॅपटॉपला एवढा फरक दुसऱ्या कशानं पडत नाही. सगळं परत जोडून झाकण लावल्यावर लॅपटॉपवर अर्धा तास काहीतरी जड चालव आणि तापमानाचा नवा आकडा वहीत जुन्याच्या शेजारी लिही. मला फोन करून दोन्ही सांग.