झोपेची गोळी आणि कोलेस्टेरॉलची गोळी

इथे अमेरिकेत मेलाटोनिनची बाटली भाजीपाल्याच्या दुकानातही मिळते. चिठ्ठी लागत नाही, म्हणून पुष्कळांना ती औषध वाटतच नाही. मग मला विचारतात, "सिस्टर, रात्री स्टॅटिन घेते, त्याबरोबर ही चालेल ना?"

बहुतेकांना चालते. ॲटॉर्व्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन या गोळ्या यकृतातल्या एका एन्झाइमने मोडतात, मेलाटोनिन मुख्यतः दुसऱ्याच. त्यामुळे दोघांची आपसात फारशी टक्कर होत नाही. मात्र रक्त पातळ करणारे वॉर्फरिन, रक्तदाबाच्या किंवा डायबेटिसच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

मला काळजी आहे ती बाटलीत खरोखर काय आहे याची. १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंट विकण्याआधी एफडीएची मंजुरी लागत नाही. २०२३ साली इथल्या २५ मेलाटोनिन गमी तपासल्या, तेव्हा २२ वर लिहिलेले प्रमाण बरोबर नव्हते. एकीत तर लिहिल्याच्या जवळजवळ साडेतीन पट मेलाटोनिन होते, आणि एकीत अजिबात नव्हते! आपल्या वयात जास्त मात्रा म्हणजे रात्री लघवीला उठताना झोक जाणे, आणि खुब्याचे हाड मोडले की महिनोन्महिने अंथरूण. म्हणून कमीत कमी मात्रा घ्या आणि 'यूएसपी'चा शिक्का असलेली बाटली निवडा. (गमीत बहुधा जिलेटिन असते. कोशेर पाळणाऱ्यांनी तेही बघावे.)

बाटलीची मागची बाजू वाचा, भिंग घेऊन वाचा. झोप आणि मनःशांतीसाठी विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती असते. ती वर सांगितलेल्या दोन्ही स्टॅटिनचा असर कमी करते. नावात 'पीएम' असलेल्या वेदनाशामक गोळ्यांत बहुधा डायफेनहायड्रामिन असते. त्याने म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखे होते, लघवी अडते. 'रेड यीस्ट राइस' तर मुळीच नको. त्यात लोव्हास्टॅटिनच असते, म्हणजे नकळत दोन स्टॅटिन पोटात.

ग्रेपफ्रूटचेही सांगते, कारण नावाने घोटाळा होतो. ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, ते पपनसाच्या जातीचे फळ. त्याच्या रसाने सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटॉर्व्हास्टॅटिन रक्तात वाढते. पपनसही त्याच कारणाने टाळलेले बरे. किद्दुशचे मनुकांचे सरबत खुशाल प्या.

घरातल्या सगळ्या बाटल्या, मुंबईहून आलेले चूर्णसुद्धा, एका पिशवीत घालून फार्मासिस्टला दाखवा. इंग्रजी अडत असेल तर मुलाला किंवा सुनेला बरोबर न्या. त्याचे पैसे सहसा पडत नाहीत, आणि त्यात लाज कसली?

नवीन काही सुरू केल्यावर मांड्या, दंड कारण नसताना दुखू लागले, जिना चढताना पायांत त्राण वाटेना, तर डॉक्टरांना कळवा. स्टॅटिन मनाने बंद करू नका. लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली तर मात्र त्याच दिवशी फोन करा, सोमवारची वाट पाहू नका.