उजव्या वळणावर घसरणारी रिमोट कार

प्रश्न : १:१० मापाची टूरिंग कार डावीकडे नीट वळते, उजवीकडे मात्र मागून घसरते. कोणते सेटिंग बदलावे?
– एक वाचक, नाते (ता. महाड)

उत्तर : घसरण एकाच बाजूला असेल, तर सेटिंगआधी गाडीचा समतोल तपासावा. गाडी सपाट काचेवर ठेवावी. डाव्या-उजव्या शॉकची लांबी आणि स्प्रिंगचा ताण सारखा हवा. शॉक सोडवल्यावर सस्पेन्शन आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर पिन वाकली आहे किंवा माती शिरली आहे. बॅटरीमुळे एक बाजू जड होत असल्यास दुसऱ्या बाजूला छोटी वजने चिकटवावीत.

मग कॅम्बर. चाकांचा वरचा भाग एक ते दोन अंश आत झुकलेला ठेवून सुरुवात करावी. तरीही दोन्हीकडे मागून घसरत असेल, तर मागच्या स्प्रिंग थोड्या मऊ घ्याव्यात. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत टिपलेला.

महाडच्या पावसाळी दमट हवेत बेअरिंग लवकर गंजतात. ओल्या जागी चालवल्यास ती त्याच दिवशी काढून, सुकवून, पातळ तेलाचा थेंब द्यावा. लिपो बॅटरी भरलेली ठेवू नये. प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावा आणि चार्जिंगच्या वेळी जवळच थांबावे.