आधी फील्डवर्क विचारा, मग फी भरा

नोकरी सांभाळून पब्लिक हेल्थ शिकायचं असेल, तर माहितीपुस्तिकेतली विषयांची यादी शेवटी वाचा. आधी फील्डवर्कचं पान उघडा.

मी बोरिवलीत एका लॅबमध्ये टेक्निशियन, राहायला खाडीपलीकडे गोराई गावात. ज्या संस्थेत प्रवेश घेतला, तिथे वर्ग रविवारी भरतात असं सांगितलं होतं. तसे ते भरलेही. पण घरोघरचं सर्वेक्षण, आरोग्य केंद्राच्या भेटी, गाईडची सही, सगळं कामाच्या दिवशी. लसीकरणाचं सत्र काही आपल्या सुट्टीच्या दिवशी भरत नाही! हक्काची रजा दिवाळीआधीच संपली. पुढचं सगळं बिनपगारी. साहेब तोंडी ‘बघू’ म्हणाले होते. साहेब बदलले, ‘बघू’ही गेलं. रजेचं लेखीच घ्या.

एजंट ‘घरबसल्या डिग्री’ म्हणाला तर जास्त सावध व्हा. 2021 च्या आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या कायद्यात येणारे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन शिकवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मनाई केली आहे. मानसशास्त्र, मायक्रोबायॉलॉजी, आहारशास्त्र त्यातच आले. नुसतं विद्यापीठ मान्यताप्राप्त असून भागत नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत तो अभ्यासक्रमही दिसला पाहिजे.

देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतला (टिस) पब्लिक हेल्थचा एमपीएच नावाजलेला, पण पूर्णवेळ. नोकरी असलेल्यांनी त्याच्या वाटेला न गेलेलं बरं. हा विषय आपल्याला झेपतो का, हे पाहायला चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा प्राथमिक ऑनलाइन कोर्स आधी करा. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं तरच परीक्षेची फी.

प्रबंधाचा विषय मात्र लांब शोधू नका. डॉक्टर जॉन स्नोनं 1854 मध्ये कॉलऱ्याचा माग काढला तो लंडनमधल्या आपल्याच घराजवळच्या वस्तीत. आमच्या गावातून आजारी माणसाला बोरिवलीला न्यायचं तर बोट, नाहीतर उत्तन-भाईंदरचा लांबचा वळसा. उपचाराला उशीर का होतो, याचा अभ्यास इथे दारातच होता. फक्त लॅबचं रजिस्टर हाताशी आहे म्हणून त्यातले आकडे उचलता येत नाहीत. आयसीएमआरच्या 2017 च्या तत्त्वांनुसार नीतिसमितीची परवानगी आधी लागते, आणि ती सावकाश येते. पहिल्या सत्रातच अर्ज टाका.

पदवीनं हुद्दा बदलेल का, हेही ऑफिसात आधीच विचारा. माझा अजून टेक्निशियनच आहे.