गोळी सोसली नाही, म्हणून बंद केली?

चैत्रातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास भूम तालुक्यातल्याच एका खेड्यातून जीपमधून एका गृहस्थांना माझ्या दवाखान्यात आणले. वय साठीच्या आसपास, घरची खव्याची भट्टी. तोंड एका बाजूला ओढलेले, बोलणे जड, उजवा हात उचलत नव्हता. रक्तदाब २२०/१२०. चार महिन्यांपूर्वी मीच त्यांना रक्तदाबाची गोळी लिहून दिली होती. मुलाला विचारले, "गोळी चालू आहे ना?" तो खाली बघत म्हणाला, "नाही डॉक्टरसाहेब. पाय सुजायले होते. लोक म्हणले, गोळीनं किडनी चालली. दीड महिना झाला बंद करून."

तसेच त्यांना बार्शीला पाठवले. जीव वाचला. परंतु उजव्या हाताने भट्टीवरचा खवा हलवणे त्यांना आजही जमत नाही.

या प्रकरणात दोष त्यांचा जितका, तितकाच माझा. गोळी लिहून देताना "यामुळे पाय सुजू शकतात, सुजले तर मला येऊन दाखवा, गोळी बंद करू नका" एवढे मी बोललो नव्हतो. बाहेर गर्दी होती, बाजारचा दिवस होता. म्हणून आजचा लेख हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांच्या त्रासावर लिहीत आहे.

त्यांची गोळी होती अम्लोडिपिन. आपल्याकडे रक्तदाबाच्या रुग्णांत फार चालणारी, स्वस्त आणि चांगली गोळी. ती रक्तवाहिन्या सैल करते. मात्र रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या जितक्या सैल होतात, तितक्या परत आणणाऱ्या शिरा होत नाहीत. त्यामुळे थोडे पाणी घोट्याजवळ झिरपून साठते. दिवसभर उभे राहून काम करणाऱ्याला संध्याकाळी सूज जास्त दिसते, सकाळी कमी होते. मूत्रपिंड खराब झाल्याचे हे लक्षण नाही. उलट मूत्रपिंड खराब होते ते वर्षानुवर्षे चढलेल्या रक्तदाबाने. या सुजेवर लघवीच्या गोळीचाही फारसा उपयोग होत नाही. उपाय सोपा असतो: गोळीचा डोस निम्मा करणे, जोडीला टेल्मिसार्टनसारखी दुसरी गोळी देणे, किंवा गोळीच बदलणे. सगळे एका भेटीत होण्यासारखे आहे.

मात्र प्रत्येक सूज या गोळीचीच असेल असे धरून चालू नये. सुजेबरोबर दम लागत असेल, आडवे पडले की गुदमरून उठून बसावे लागत असेल, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढले असेल, तर हृदय थकल्याची ती खूण असू शकते. एकच पाय सुजून दुखत असेल तर शिरेत गुठळी झालेली असू शकते. अशा वेळी बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये.

दुसरा त्रास खोकल्याचा. काही वर्षांपूर्वी एक आजी माझ्याकडे कोरड्या खोकल्यासाठी येत होत्या. घशात गुदगुल्या होऊन खोकल्याची उबळ यायची, रात्री घरातले कोणी झोपेना. मी खोकल्याच्या दोन बाटल्या दिल्या. क्षयाच्या शंकेने थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, सगळे स्वच्छ. तीन महिने असे गेले. एके दिवशी आजींनी पिशवी माझ्या टेबलावर उलटी केली, तेव्हा तंबाखूची डबी, एसटीची तिकिटे आणि एनालाप्रिलचे पाकीट बाहेर पडले. लेकीकडे गेल्या असताना तिथल्या डॉक्टरांनी रक्तदाबासाठी दिलेली गोळी होती ती. आजींच्या मते ती "लेकीकडची गोळी", म्हणून मला सांगायचे कारण नव्हते. मीही विचारले नव्हते.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल अशी ज्यांची नावे 'प्रिल'ने संपतात, त्या गोळ्यांनी काही जणांना असा कोरडा खोकला होतो, स्त्रियांना जरा जास्त. या जातीच्या गोळ्यांचा शोध ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून लागला. त्या विषाने शरीरातला ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ टिकून राहतो. हाच पदार्थ फुफ्फुसात साठला की खोकला होतो, असे मानले जाते. गोळी सुरू केल्यावर आठवड्याने होईल किंवा सहा महिन्यांनीही होईल, त्यामुळे दोन्हींचा संबंध रुग्णाच्या लक्षात येत नाही. खोकल्याच्या औषधाने तो जात नाही. आजींना मी त्याऐवजी लोसार्टन दिली. तीन आठवड्यांत खोकला गेला.

या 'प्रिल' गोळ्यांनी क्वचित ओठ, जीभ, चेहरा एकाएकी सुजतो. तसे झाले तर ताबडतोब दवाखाना गाठावा आणि ती गोळी जन्मात पुन्हा घेऊ नये. आपणहून लगेच बंद करावी अशी ही एक जागा आहे.

याच्या नेमकी उलट गोष्ट अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गोळ्यांची. त्या हृदयाचा वेग कमी करतात. सुरुवातीला थकवा येतो, हातपाय गार पडतात. पुष्कळांचा थकवा काही आठवड्यांत ओसरतो. मात्र या गोळ्या एका दिवसात बंद केल्या तर दाबून धरलेले हृदय उसळी घेते, छातीत दुखू लागते, झटकाही येऊ शकतो. बंद करायच्याच झाल्या तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, डोस हळूहळू कमी करत. नाडी मिनिटाला पन्नासच्या खाली जाऊन चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. दम्याच्या रुग्णाने आपल्याला दमा आहे हे आधीच सांगावे. साखरेचे औषध घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या गोळीमुळे जाणवत नाही, घाम मात्र सुटतो. विनाकारण घाम फुटला तर आधी साखर तोंडात टाकावी.

पुरुषांना या गोळीने किंवा लघवीच्या गोळीने संसारसुखात अडचण येऊ शकते. माझ्यासमोर ही गोष्ट कोणी उघड बोलत नाही. गोळी बंद होते, कारण विचारले तर "सोसली नाही" एवढेच उत्तर. मंडळी, दवाखान्याचे दार बंद करून बोला, पण बोला. गोळी बदलता येते. आणखी वाईट म्हणजे काही जण मेडिकलमधून गुपचूप ताकदीची गोळी घेतात. छातीत दुखण्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा त्या जातीची रोजची गोळी चालू असताना सिल्डेनाफिल, टाडालाफिल घेतली, तर रक्तदाब एकाएकी इतका कोसळतो की माणूस जागेवर जाऊ शकतो.

सॉर्बिट्रेटने डोके ठणकते, हे खरे. स्फोटकाच्या कारखान्यात नायट्रोग्लिसरीन हाताळणाऱ्या कामगारांचेही डोके असेच ठणकायचे. गंमत अशी की डायनामाइटचा शोध लावणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना शेवटच्या काळात हृदयाच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच सुचवले होते. ही डोकेदुखी साधारणपणे एक-दोन आठवड्यांत कमी होते, तोवर पॅरासिटामॉल चालते. जिभेखालची गोळी मात्र बसून घ्यावी. उभ्याने घेऊन चक्कर येऊन पडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

लघवीच्या गोळ्या आपल्या भागातल्या उन्हाळ्यात जपून घ्याव्या लागतात. एप्रिल-मेमध्ये रानात किंवा भट्टीपुढे घामाने अंगातले पाणी आणि क्षार जातात, त्यात ही गोळी आणखी पाणी काढते. मग पायात गोळे येतात, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. जुलाब-उलट्या होत असतील तर ही गोळी आणि 'प्रिल' किंवा 'सार्टन' जातीची गोळी तात्पुरती थांबवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. गोळी सकाळी घ्यावी, म्हणजे रात्रीची झोप मोडत नाही. ज्या दिवशी एसटीचा लांबचा प्रवास आहे, त्या दिवशी ती घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, हेही विचारून ठेवावे. बसमध्ये पंचाईत होते म्हणून बायका आठवडाभर गोळी सोडतात आणि मग अंग सुजून येतात. बाजारात 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोन, 'प्रिल' किंवा 'सार्टन' गोळ्या घेणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. साधेच मीठ, पण बेताने.

आता कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल. हिच्याविषयी मोबाइलवर जितकी भीती पसरवली जाते, तितकी दुसऱ्या कुठल्याच गोळीविषयी नाही. अंग दुखले की दोष हिचा. २०२० साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्रास होतो म्हणून ही गोळी सोडलेल्या ६० जणांना त्यांनी वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या. चार महिन्यांच्या बाटल्यांत खरी गोळी, चार महिन्यांच्या खोटी, उरलेल्या चार रिकाम्या. रोज किती त्रास होतो ते रुग्णांनी मोबाइलवर नोंदवायचे. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जितका त्रास झाला, त्याच्या ९० टक्के त्रास खोट्या गोळीनेही झाला. हे समजल्यावर निम्म्या रुग्णांनी गोळी पुन्हा सुरू केली. याचा अर्थ त्यांचे दुखणे ढोंग होते असा नाही. दुखत होतेच, मनात बसलेल्या भीतीनेही अंग दुखते. तरीही दोन्ही मांड्या-दंड सारखे दुखून अशक्तपणा आला, लघवी काळपट-लाल झाली, तर गोळी थांबवून लगेच रक्त तपासावे. तो प्रकार दुर्मिळ असतो, पण खरा असतो.

"त्यापेक्षा झाडपाल्याचे घेतो, त्याला साइड इफेक्ट नसतो," असेही रोज ऐकतो. त्यांना मी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्ट सांगतो. सर्पगंधा या आपल्या मुळीने रक्तदाब उतरतो, हे त्यांनी ५० रुग्णांच्या अनुभवावरून १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिले आणि जगाचे लक्ष वेधले. १९५७ मध्ये त्यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. त्या मुळीतले रिसर्पिन जगभर वापरले गेले. आणि मग त्याचेही त्रास दिसले: नाक चोंदणे, सुस्ती, जास्त डोसमध्ये काही जणांना खोल उदासी. अंगणातली पिवळी कण्हेर घ्या. तिच्या बीत हृदयावर काम करणारे जे विष आहे, ते डिगॉक्सिन या गोळीच्याच कुळातले. डिगॉक्सिन घेणाऱ्याची भूक गेली, मळमळू लागले, दिसणे पिवळे-हिरवे झाले, तर डोस जास्त होतोय असे समजून लगेच दाखवावे. हृदयावर काम करणारी वस्तू झाडाची असो की कारखान्याची, तिला धार असतेच.

आता सर्वांत महत्त्वाची गोळी. हृदयाच्या नळीत स्टेंट म्हणजे बोलीभाषेतली 'स्प्रिंग' बसवल्यावर रक्त पातळ ठेवण्याच्या दोन गोळ्या देतात, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा तिच्या जातीची दुसरी. झटक्यानंतर त्या बहुधा वर्षभर जोडीने चालतात, पुढे एक कायम. पोटात जळजळ होते, खरचटले तरी निळे डाग पडतात, म्हणून लोक त्या सोडतात. कोणी दाढ काढायची म्हणून सोडतो. एक ऊसतोड कामगार दिवाळीनंतर टोळीबरोबर कारखान्यावर गेला, गोळ्या पंधरा दिवसांच्याच नेल्या होत्या. संपल्यावर "आता बरं वाटतंय" म्हणून आणल्या नाहीत. पौष महिन्यात फडातच त्याच्या छातीत कळ आली. स्टेंटमध्ये गुठळी झाली होती. तो परत आला नाही. चाळिशीही गाठली नव्हती त्याने.

जळजळीला उपाय आहे. गोळी जेवणानंतर घ्यावी, जोडीला आम्लपित्ताची गोळी डॉक्टर देतात. दाढ काढण्याआधी दाताच्या आणि हृदयाच्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवावी. शौचास डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त दिसले, तर मात्र रात्र असली तरी निघावे. आणि कंबर-गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांची पाकिटे आपल्या मनाने आणू नयेत. त्या गोळ्या रक्तदाब चढवतात, पोटात रक्तस्राव करतात. लघवीच्या आणि 'प्रिल' किंवा 'सार्टन' गोळीच्या जोडीला घेतल्या तर मूत्रपिंडाला खरी इजा त्या करतात. किडनीची भीती तिथे बाळगावी.

तोडीला जाणाऱ्यांना माझे सांगणे असे: सहा महिन्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आणि तुम्ही जिथे असाल तिथल्या डॉक्टरला गोळीचे नाव चिठ्ठीवरून कळते. "पांढरी बारकी गोळी" एवढ्यावरून कोणालाच कळत नाही. आणि त्रास झालाच तर तारीख, कोणती गोळी, घेतल्यावर किती वेळाने, एवढे कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवा. आजींच्या पिशवीने मला शिकवले, तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्याने घरातली सगळी पाकिटे आणायची असा नियम केला आहे. लेकीकडचीसुद्धा.

ते खव्याच्या भट्टीवाले गृहस्थ आता महिन्याला येतात. अम्लोडिपिनचा डोस निम्मा केला, जोडीला टेल्मिसार्टन आहे, रक्तदाब १३०/८० च्या आसपास राहतो. आल्याबरोबर खुर्चीत बसायच्या आधी डाव्या हाताने धोतर वर करून मला घोटा दाखवतात.