ऑफिसच्या कार्यक्रमाला जा, पण लवकर!

अगं, ॲन्युअल डेला जाऊ की नको, असं विचारलंस आणि माझ्या उत्तराची वाटही न बघता म्हणालीस, "ताई, ते गोड गोड बोलून ओळखी वाढवणं मला नाही गं जमत." नको ना बोलूस गोड! पण जा. आणि सगळ्यांच्या आधी जा.

हॉल भरला की प्रत्येक टीमचं आपापलं कोंडाळं होतं. त्यात शिरायचं म्हणजे भल्याभल्यांच्या जिवावर येतं. सुरुवातीला मात्र पाच-दहा माणसंच इकडेतिकडे उभी असतात, मोबाइल बघण्याचं नाटक करत. त्यांनाही कुणीतरी बोलायला हवंच असतं. तेवढ्या वेळात दोघा-तिघांशी नीट बोल आणि जेवून खुशाल घरी ये. डीजे सुरू झाल्यावर तसंही कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.

पण रोज डबा खायला बरोबर बसणाऱ्या मैत्रिणींना चिकटून राहू नकोस हं. त्या जिवाभावाच्या आहेत, मान्य. पण त्यांना जे ठाऊक असतं ते तुलाही ठाऊक असतंच. मार्क ग्रानोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1970च्या सुमारास बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्यांना विचारलं होतं, की ज्याच्याकडून या नोकरीचं कळलं, तो तुम्हाला कितीदा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम 17 टक्के म्हणाले, वरचेवर. बाकीच्यांची ती ओळख अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याची होती. दूरच्या माणसाकडे दूरच्या बातम्या असतात, एवढंच त्यातलं गुपित!

पण म्हणून दिसेल त्याला लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवत सुटू नकोस. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्याच सुमारे 2 कोटी वापरकर्त्यांचा अभ्यास आला. नोकरी बदलायला सगळ्यात उपयोगी पडली ती मधली ओळख. अगदी गळ्यातलीही नाही आणि अगदी नावापुरतीही नाही. अशी ओळख एका संध्याकाळी होत नाही. ती पुढे थोडी थोडी जपावी लागते.

जपायची कशी? आधी आपण काय करतो ते एका वाक्यात सांगता येऊ दे. "मी टेस्टिंगला आहे" म्हटलं की समोरचा "अच्छा" म्हणतो आणि विषय संपतो. "लोकांचं पेमेंट मध्येच अडकतं ना, ते का अडकतं हे आम्ही शोधतो," असं म्हणून बघ, तो स्वतःचं अडकलेलं पेमेंट सांगायला लागेल. मग ऐक. दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज टाक, काल कशावर बोललो त्याची आठवण देऊन. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या कामाचं काही वाचनात आलं तर पाठव. आणि कधी मदत मागायची वेळ आली, तर "माझ्यासाठी काही बघा ना" असं मोघम नको. "तुमच्या टीममध्ये यायला नेमकं काय शिकावं लागेल? पंधरा मिनिटं द्याल का?" असं विचार. सल्ला मिळाला की पुढे काय झालं ते आठवणीने कळव. बहुतेक लोक नेमकं हेच विसरतात.

आता जरा कान इकडे कर. कार्यक्रमाची कामं वाटली जातात तेव्हा रांगोळी, आरतीचं ताट, पाहुण्यांना पुष्पगुच्छ हे बरोबर आपल्याच वाट्याला येतं. हौस असेल तर कर, पण तेवढ्यावर थांबू नकोस. वक्त्यांशी बोलणं, बजेट, सूत्रसंचालन यांतलं एक काम मागून घे. रांगोळीचा फोटो निघतो, बजेट सांभाळणारीचं नाव वरच्यांच्या लक्षात राहतं.

आणि हे पक्कं ध्यानात ठेव: पार्टीत कुणी प्यायचा आग्रह केला, तर "नको" एवढंच पुरे, कारण सांगत बसायची गरज नाही. परतीची सोय आधीच ठरवून ठेव. कुणी अंगचटीला आलं तर "ऑफिसबाहेर झालं, आता कुठे सांगणार" असं मनातही आणू नकोस. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात कामानिमित्त जावं लागतं ती जागा आणि कंपनीने दिलेली गाडीसुद्धा कामाचं ठिकाणच धरली आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. समितीवर कोण कोण आहे, ते उद्याच बघून ठेव.

ओळखीने दार उघडतं गं, पण आत टिकायचं ते कामावरच. काम तुझं चोख आहे. ते चार माणसांना कळू दे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तेव्हा शुक्रवारी वेळेआधी पोहोच, आणि ज्याचं नावही तुला माहीत नाही अशा एकाशी तरी बोलून ये.