निळी जर्सी आणि कर्जतची पोरं

कर्जत-खालापूर हा कबड्डीचा मुलूख. भातकापणी झाली की खाचरात मैदान आखलं जातं, तेही कबड्डीचं नाहीतर टेनिस बॉल क्रिकेटचं. अशा ठिकाणी शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवताना आणि त्यांच्यासोबत भारताचे सामने बघताना जे उमगलं, ते लिहितो.

१. मोठ्यांच्या आधी १७ वर्षांखालचा संघ दाखवावा. सुनील छेत्री मुलांना आवडतो, पण तो पोस्टरवरचा माणूस. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा, हे सांगितलं की मुलं सावरून बसतात.

२. गोल केल्यानंतरचा मिनिट सगळ्यांत धोक्याचा. त्याच स्पर्धेत ९ ऑक्टोबरला दिल्लीत जिक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडरने गोल केला. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल! १-१. पोरं नाचत होती तोवर कोलंबियाने दुसरा गोल मारला. बचावावर मी कितीही बोललो असतो तरी एवढं पटलं नसतं. आता आमची मुलं गोल झाल्यावर नाचतात कमी, आपापल्या जागेवर लवकर पळतात.

३. जुन्या कीर्तीच्या गोष्टी आवरत्या घ्याव्यात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले, भारत चौथा आला. एकदा सांगावं, पुरे.

४. जन्मदाखला पहिलीतच नीट करून घ्यावा. वयोगटाच्या संघात कौशल्याआधी तारीख बघतात. २०१७ च्या संघासाठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतरचा जन्म हवा होता. आपल्याकडे वाडीवरच्या ठाकर-कातकरी मुलांची नावं शाळेत घालताना सरसकट १ जून लिहून मोकळे होतात. आशियाई पातळीवर मनगटाचा एमआरआय काढून वय पडताळतात. कागद आणि हाड जुळलं नाही, तर चांगला पोरगा घरी बसतो, आणि त्यात त्याचा काडीचा दोष नसतो.

५. नेरुळला सामना बघायला न्यायचं तर परतीची गाडी आधी बघावी. सामना रात्री आठचा असला तर संपेपर्यंत दहा वाजतात. मग नेरुळहून ठाणे, ठाण्याहून कर्जत. खोपोलीच्या मुलांचे हाल वेगळेच, कारण कर्जतच्या पुढे गाड्या मोजक्या. त्यांना पनवेलवरून गाडी करून आणणं परवडतं. नेरुळच्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये २०१७ चा स्पेन-माली उपांत्य सामना झाला, २०२२ मध्ये मुलींच्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. इतकं जवळ दुसरं काय येणार?

६. मुलींपासून पराभव लपवू नये. त्या २०२२ च्या स्पर्धेत भुवनेश्वरला आपल्या मुली अमेरिकेकडून ०-८ हरल्या. मी आकडा फळ्यावर लिहिला. कुणी हसलं नाही. त्याच वर्षी जानेवारीत आशियाई चषकात आपल्या महिलांनी इराणशी नेरुळलाच ०-० बरोबरी केली, पण मग कोरोनाने संघच उभा राहू दिला नाही आणि स्पर्धेतून बाहेर पडावं लागलं. पुढे जुलै २०२५ मध्ये याच महिला संघाने थायलंडला त्यांच्याच भूमीवर २-१ हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. ऑक्टोबरात पुरुष संघ मडगावला सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ चा आशियाई चषक हुकला. तरी गावात विचारतात, मुलींना कशाला फुटबॉल? माझ्या मते सध्या मुलींच्याच फुटबॉलवर पैसा लावावा.

७. निळ्या जर्सीची वाट तालुक्यातूनच निघते. सुब्रतो चषकाच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत राष्ट्रीय फेरीपर्यंत जातात. सुरुवातीचे सामने पडतात ऐन पावसात, म्हणून जूनपासूनच चिखलात सराव हवा. पावसात बॉल उचलून खेळा, जमिनीवर तो अडकतो.

कर्जत-खालापूरच्या शिक्षकमित्रांनो, यंदा नोंदणीचं पत्र आलं की मुलांच्या संघाबरोबर मुलींचाही संघ भरा. अकरा पुरत नसतील तर शेजारच्या वाडीवर जाऊन पालकांशी बोला आणि पुढच्या वर्षाची तयारी आत्ताच धरा.